पुसलेला दात

“पण इथे तर तुमचे दात सरळ आहेत,” डॉक्टर म्हणाले. “मग बिघडले कधी?”

ती खुर्चीवर जवळजवळ आडवी होती. ओठ आणि गाल ताणून धरणारी प्लास्टिकची कडी तोंडात होती, त्यामुळे उत्तर देण्याचा प्रश्नच नव्हता. आधी तोंडात कडी बसवायची आणि मग प्रश्न विचारायचे, ही या लोकांची पद्धतच असावी. डॉक्टर तरुण होते, तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान, आणि बोलायला गोड. तिने आणलेले तिन्ही फोटो त्यांनी टेबलावर ओळीने मांडले होते. एक आठव्या वर्षीचा, एक तेराव्या, एक एकोणिसाव्या. दात कधीपासून असे आहेत ते कळलं म्हणजे कोणत्या प्रकारची तार बसवायची ते ठरवता येईल, तेव्हा जुने फोटो घेऊन या, असं त्यांनीच मागच्या खेपेला सांगितलं होतं. तिने कपाट उघडलं, हाताला लागले ते तीन फोटो पाकिटात घातले आणि निघाली. बघितलेसुद्धा नाहीत. जन्मभर माहेरच्या भिंतीवर पाहिलेले फोटो, त्यांत पुन्हा काय बघायचं? आता तिने मान वळवून पाहिलं. तिन्ही फोटोंत ती ओठ किंचित विलग करून हसत होती, आणि तिन्ही फोटोंत वरच्या ओळीतला डावीकडचा दात, सुळ्याच्या शेजारचा, शहाण्या मुलासारखा रांगेत उभा होता. हा दात आयुष्यात एक दिवसही रांगेत उभा राहिलेला नव्हता. दुधाचा पडून नवा आला तोच अंग चोरून, तिरका वळून, शेजारच्या दाताच्या खांद्यावर हात टाकून आला, आणि आज सेहेचाळिसाव्या वर्षीही तसाच होता. हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि कडी काढल्यावरसुद्धा ती तिच्या तोंडातून निघेना.

डॉक्टरांना मात्र सगळा उलगडा झाला होता. त्यांनी एका ट्रेमधून प्लास्टरच्या चार बत्तिश्या काढून तिच्यासमोर ठेवल्या. ही साधी, धातूची, चौकोनी खुंट्या आणि मधून जाणारी तार. ही तशीच, पण खुंट्या दाताच्या रंगाच्या, लांबून दिसत नाहीत. ही आतून, जिभेच्या बाजूने बसते, पहिले काही दिवस बोलणं जड जातं. आणि हे पारदर्शक साचे, दर दोन आठवड्यांनी नवा, जेवताना काढून ठेवायचा. तुमचे दात मुळात सरळ होते, वयाने सरकलेत, डॉक्टर समजावून सांगत होते, आणि सरकलेले दात परत जागेवर जायला राजी असतात, त्यामुळे तुमचं काम साच्यांवरच भागेल. “कुणाला कळणारही नाही,” ते म्हणाले, जणू काही मोठं बक्षीस जाहीर करत होते. तिने मान हलवली. नुसती हलवली नाही, वर “बरं” असंही म्हणाली. पुढच्या मंगळवारी मापं घ्यायची ठरलं, आणि तिन्ही फोटो पाकिटात घालून ती जिना उतरली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कुणावर चिडावं ते कळत नव्हतं, कारण यादी लांब होती.

यादीत पहिले होते नवे साहेब. एका मोठ्या कंपनीच्या तळमजल्यावर, दारातून आत आल्या आल्या लागणाऱ्या चौकशीच्या टेबलामागे ती बावीस वर्षं बसत होती. कोणता विभाग कोणत्या मजल्यावर, कोणत्या अर्जाला कोणाची सही, कोणाच्या पुढ्यात गेलं म्हणजे काम होईल आणि कोणाच्या पुढ्यात गेलं म्हणजे दिवस फुकट जाईल, हे सगळं तिला पाठ होतं. चिडून आलेली माणसं तिच्याशी बोलून शांत होऊन जात. या बावीस वर्षांत तिच्या दाताबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. एक तर दात फारसा कुणाला दिसतच नसे, कारण बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरायची आणि हसू आलं की डावा हात तोंडावर न्यायची तिची सवय इतकी जुनी होती, की ती सवय आहे हेही ती विसरली होती. मग नवे साहेब आले. त्यांनी भिंतीला नवा रंग दिला, कुंड्या आणल्या आणि दारासमोर एक मोठा काचेचा फलक लावायचं ठरवलं. त्यावर टेबलावरच्या चौघीजणींचे हसरे फोटो, चांगले वहीच्या पानाएवढे. एके दिवशी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि कर्मचाऱ्यांसाठी कंपनीने दातांची योजना आणल्याचं सांगितलं. सगळ्यांसाठीच आहे, ते म्हणाले. पारदर्शक प्रकार मंजूर झालाय, टेबलावर बसलेलं असताना कुणाच्या लक्षातही येणार नाही, वर्षभरात काम होऊन जाईल. बाहेर आल्यावर तिने बाकी तिघींना आडून आडून विचारलं. योजनेचा कागद चौघींमध्ये तिला एकटीलाच मिळाला होता.

त्या दिवशी तिने निमूटपणे कागद पर्समध्ये ठेवला होता. घरी येऊन नवऱ्याला दाखवला, तर त्याने तो दोनदा वाचला आणि अगदी मनापासून म्हणाला, की खरं सांगायचं तर त्याला तिचा दात कधी वाकडा दिसलाच नाही. बिचाऱ्याने ते प्रेमाने म्हटलं होतं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवीस वर्षं रोज समोरासमोर बसून जेवणाऱ्या माणसाला तिचा दात दिसला नाही? मग इतकी वर्षं तो बघत कुठे होता? कुणी म्हणतो दात दिसतो म्हणून झाका, कुणी म्हणतो दिसलाच नाही, आणि आता हे डॉक्टर म्हणतात दात सरळच होता, मध्येच केव्हातरी बिघडला. म्हणजे चूक पुन्हा तिचीच. चांगले सरळ दात दिले होते बाईला, तिने सांभाळले नाहीत. रस्त्याच्या कडेने चालता चालता तिने जिभेचं टोक त्या दातावर टेकवलं. तिरका, थंड, एका बाजूने धारदार. जिभेला तो आठव्या वर्षापासून तोंडपाठ होता. निदान जिभेला तरी कुणी फसवू शकलं नव्हतं.

आणि यादीत सगळ्यात शेवटी, किंवा सगळ्यात आधी, होते बाबा. बाबांचा स्टुडिओ होता. पुढे काच, मागे पडदा, पडद्यावर रंगवलेलं तळं, आणि पडद्यामागे बाबांचं खरं कामाचं मेज. त्या मेजाला तिरकी दुधी काच होती, खाली आरसा, आणि खिडकीचा उजेड आरशावरून उसळी मारून काचेतून वर येई. त्या उजेडावर पोस्टकार्डाएवढी निगेटिव्ह ठेवून, डोळ्याला भिंग लावून बाबा तासन्‌तास माणसं दुरुस्त करत. त्यांच्या पेन्सिली पॉलिशपेपरवर घासून सुईसारख्या केलेल्या असत. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. दात काळे आणि दातांमधली सावली स्वच्छ, आरपार. त्या आरपार जागेत बाबा पेन्सिलीने बारीक बारीक स्वल्पविराम भरत, की छापल्यावर तिथली सावली नाहीशी होई. जे जास्त पुढे आलेलं असे ते ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडून काढत. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, मस, सुरकुत्या, वाकडे दात, सगळं जाई. गावात फोटोवाले पुष्कळ होते, पण माणूस देखणा होऊन निघे तो बाबांच्याच स्टुडिओतून. लहानपणी ती त्या मेजाशेजारी स्टुलावर बसून हे बघत असे. एकदा मेजावर तिचाच चेहरा होता, काळ्या दातांचा, पांढऱ्या केसांचा, आणि बाबांची पेन्सिल तिच्या तोंडात चालली होती. तिने विचारलं, बाबा, काय करताय? बाबा मान वर न करता म्हणाले, काही नाही, जरा नीट करतोय. तेवढंच. नीट केलेला फोटो बैठकीत लागला, येणारेजाणारे “काय गोड आलाय” म्हणाले, आणि आठ वर्षांच्या मुलीला काही न सांगता कळलं, की घरात दोघी आहेत, एक भिंतीवरची आणि एक ही, आणि यांतली कुठली लोकांना दाखवायची असते. हात तोंडावर जायला लागला तो तेव्हापासून.

बारा वर्षांची असताना शाळेत दातांची तपासणी झाली होती. तपासणाऱ्या बाईंनी तिला एक चिठ्ठी दिली होती, घरी दाखव म्हणून. चिठ्ठीत लिहिलं होतं, एक दात वळलेला आहे, तार बसवल्यास या वयात सहज सरळ होईल. तिच्या वर्गात एका मुलीने तशी तार बसवली होती. मुख्याध्यापकांची भाची. आठवडाभर तिला ‘स’ म्हणता येत नव्हता, आणि मधल्या सुट्टीत मुली ओळीने उभ्या राहून तिच्या तोंडातली चांदी बघून जात. ती स्वतः त्या ओळीत तीनदा उभी राहिली होती. तोंड उघडून कुणालाही काहीही दाखवता येतं, लाजायचं कारण नाही, काम चालू आहे, हे तिने पहिल्यांदा तिथे पाहिलं. चिठ्ठी घेऊन ती जवळजवळ पळत स्टुडिओत गेली होती. बाबांनी भिंग काढलं, चिठ्ठी वाचली, तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. “तार कशाला बाळ?” ते म्हणाले होते. “उगाच तोंडात लोखंड. फोटोत मी करतोच ना नीट.” आणि चिठ्ठीच्या पाठीमागे त्यांनी कुठल्याशा गिऱ्हाइकाचा पत्ता लिहून घेतला.

ही गोष्ट ती विसरली नव्हती, पण गंमत वाटावी अशा आठवणींत तिने ती ठेवून दिली होती, माहेरच्या गप्पांत सांगून हशा मिळवावा अशी. आज रस्त्यात, फुटपाथच्या मधोमध, मागून येणाऱ्या माणसाचा धक्का लागेपर्यंत उभी राहून तिला कळलं, की तिला त्या गोष्टीचा संताप येत होता, आणि तो चौतीस वर्षं येत होता. दुसऱ्याही एका आठवणीचं तसंच. एकोणिसाव्या वर्षीचा फोटो बाबांनी कशासाठी काढला होता? लग्नाची बोलणी चालली होती त्या घरी पाठवायला. फोटो त्यांना पसंत पडला, मंडळी घरी आली. मुलाची आई तिच्यासमोर बसली, तिला दोनचार प्रश्न विचारले, ती बोलत असताना तोंडाकडे निरखून पाहिलं, मग पर्समधून फोटो काढला. फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. “फोटो हिचाच ना?” त्या बाईने शेजारी बसलेल्या आपल्या भावाला विचारलं. हळूच विचारलं, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. बाबांनाही ऐकू गेलं. पुढे त्या लोकांचं काही उत्तर आलं नाही, बरंच झालं म्हणा, चार वर्षांनी कसलाही फोटो न मागता हा नवरा मिळाला. पण त्या दिवशी मंडळी गेल्यावर बाबा तिच्याशी काही बोलतील असं तिला वाटलं होतं. ते मंडळींनी मागे ठेवलेल्या फोटोला लागलेला अंगठ्याचा डाग मऊ फडक्याने पुसत बसले होते.

बाबा आता तिच्याकडेच होते, मागच्या खोलीत. स्टुडिओ कधीच बंद झाला होता. आता त्यांच्या नजरेचा मधला भागच गेला होता, कडेकडेचं तेवढं दिसे, त्यामुळे समोरच्याशी बोलताना ते त्याच्या कानाकडे बघत. ती घरात शिरली ती सरळ त्यांच्या खोलीत गेली. पर्स खांद्यालाच होती. तिने फोटो त्यांच्या हातात दिले आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, एका दमात, आवाज चढू न देण्याचा आटापिटा करत. तीन फोटोंवरून त्यांनी ठरवलंय, की माझा दात सरळच होता. त्यावरून उपचार ठरलाय. चुकीचा.

बाबांनी फोटो डोळ्यांच्या कडेला धरले. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“दातांच्या डॉक्टरला कळलं नाही?” ते म्हणाले. “त्याने भिंगातून पाहिलं होतं का?”

ते हसत होते. खांदे हलवत, आवाज न करता, वर्गात पहिला नंबर आलेल्या मुलासारखे. तिला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, निदान ते गप्प बसतील. तिने मनाशी जी काही वाक्यं जुळवत आणली होती त्यांपैकी एकही त्या हसण्यापुढे उपयोगाचं नव्हतं. तिच्या डोक्यात सणक गेली. आजवर तिने बाबांवर आवाज चढवलेला नव्हता, तो चढला. दात माझा होता, ती म्हणाली. तुमच्या गिऱ्हाइकाचा नव्हता. शाळेने चिठ्ठी दिली होती, ती तुम्ही पत्ता लिहायला घेतलीत. वाकडा दात तोंडात ठेवून सरळ दाताचा फोटो लोकांना पाठवलात, आणि ती बाई माझ्याकडे चोरासारखी बघत होती तेव्हा फोटो पुसत बसलात. बाबांचं हसू ओसरलं. ते तिच्या कानाकडे बघत राहिले. गिऱ्हाइकांचं करून करून हात आपोआप तिकडे जायचा, असं काहीतरी ते पुटपुटले. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तेच हवं असायचं.

“तुला नको होतं, असं तू कधी बोललीस?”

“तुम्ही कधी विचारलंत?” ती म्हणाली.

बाबा उठले, चाचपडत कपाटापर्यंत गेले आणि खालच्या कप्प्यातून पत्र्याचा डबा काढला. घरच्या माणसांच्या निगेटिव्ह त्यांनी त्यात जपून ठेवल्या होत्या, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात. पाकिटांच्या कडांवर त्यांनी खाचा पाडलेल्या होत्या, अंधाऱ्या खोलीत ओळखू याव्यात म्हणून. त्या खाचांवरून बोट फिरवत त्यांनी तेराव्या वर्षीची बरोबर काढली. “टर्पेंटाइन आण, आणि कापूस,” ते म्हणाले. “पेन्सिल पुसली जाते.” आणि जरा थांबून, “ब्लेडचं नाही जात. ते गेलं ते गेलं.” रंगाचं काम करून उरलेली बाटली गॅलरीत होती. खिडकीच्या काचेला निगेटिव्ह टेकवून तिने बाबा सांगत होते तसा कापूस फिरवला. हलक्या हाताने, एकाच दिशेने, दाबायचं नाही. कापसावर करडा डाग उतरला. एवढासा. तेहतीस वर्षं बैठकीत मिरवलेला सरळ दात म्हणजे कापसावरचा तो एवढासा डाग होता. निगेटिव्हवर दोन दातांमधली आरपार सावली परत आली होती, तिरकी, तिच्या जिभेच्या ओळखीची. फक्त दाताचा पुढे आलेला कोपरा तिथे नव्हता. तिथे खरवडल्याच्या तीनचार बारीक रेघा होत्या, आणि त्या कितीही कापूस फिरवला तरी जाणार नव्हत्या. ती त्या रेघांकडे बघत राहिली. बाबांनी विचारलं, दिसला का? ती म्हणाली, अर्धा.

मंगळवारी मापं घेण्याआधी तिने डॉक्टरांना थांबवलं. कडी हातातच राहू द्या, म्हणाली, मला आधी बोलायचंय. निगेटिव्ह तिने त्यांच्या एक्स-रे बघायच्या उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि सगळं सांगितलं, बाबांचं मेज, पेन्सिली, चिठ्ठी, सगळं. सांगताना लाज वाटेल असं तिला वाटलं होतं, तेवढी वाटली नाही. डॉक्टरांनी मोबाइलने त्या निगेटिव्हचा फोटो काढला, बोट फिरवून काळ्याचं पांढरं केलं, मोठं केलं, आणि शेजारी जुना फोटो धरून बघत राहिले. “काय सुंदर काम आहे हो,” ते शेवटी म्हणाले. तिच्या छातीत अभिमानाने काहीतरी उसळून वर आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. मग डॉक्टरांनी कबूल केलं, की हे माहीत नसतं तर आपण वर्षभर साचे बदलत बसलो असतो आणि दात हट्टाने तिथेच राहिला असता. उगवतानाच वळलेला दात फिरवायचा तर त्याला धरून ठेवणारी तार हवी, पावणेदोन वर्षं तरी. किंवा राहू द्या, ते म्हणाले, दात निरोगी आहे, त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. हे वाक्य तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकवत होतं. ती त्यावर थोडी रेंगाळली. राहू द्यावा का? साहेबांच्या नाकावर टिच्चून तसाच ठेवावा का? पण तिच्या डोळ्यांसमोर साहेब नव्हते. मधल्या सुट्टीतली रांग होती, आणि त्या रांगेच्या टोकाला तोंड उघडून बसलेली मुलगी. सरळ दात तिला तेव्हाही नको होता फारसा. तिला ती चांदी हवी होती.

डॉक्टरांनी दाताच्या रंगाची बत्तिशी पुढे सरकवली. तुमच्या वयात बहुतेक सगळे हीच घेतात, लांबून कळत नाही.

“धातूची,” ती म्हणाली. “आजवर माझी जी काही दुरुस्ती झाली ती कुणाला दिसली नाही. ही दिसू दे.”

पहिले चार दिवस तिने पातळ पेज पिऊन काढले. गाल आतून सोलवटले, डॉक्टरांनी दिलेलं मेण खुंट्यांवर चिकटवायचं ती विसरे आणि मग कळवळे. ‘स’ खरोखरच निसटत होता. टेबलावर आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाला ‘सातवा मजला’ सांगताना तिला स्वतःचंच हसू आलं, आणि हात अर्ध्यापर्यंत जाऊन थांबला. पाचव्या दिवशी साहेब टेबलापाशी आले, वाकून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आपण ठरवलं होतं ते हे नव्हे, ते खालच्या आवाजात म्हणाले. आपण नव्हे, तुम्ही ठरवलं होतं, ती म्हणाली, आणि खालच्या आवाजात म्हणाली नाही. साहेब केबिनमध्ये गेले. महिन्याभराने फोटो काढणारा माणूस आला, त्याने चौघींना कुंड्यांसमोर उभं केलं, आणि ती हसली, सगळी तार बाहेर काढून, गाल दुखेपर्यंत.

फलक लागला त्या सकाळी ती नेहमीच्या वेळेला दारातून आत आली आणि जागच्या जागी थिजली. चौघींच्या फोटोंत तिचा दुसरा होता. वहीच्या पानाएवढा, गुळगुळीत, चमकदार. त्यात तार नव्हती. खुंट्या नव्हत्या. डावीकडचा दात शहाण्या मुलासारखा रांगेत उभा होता. आता भिंग लागत नाही, पेन्सिल लागत नाही, दुधी काचेचं मेज लागत नाही. कुणीतरी कुठेतरी बसून, दोन मिनिटांत, चहा पिता पिता तिला नीट केलं होतं. आणि बाबांनी निदान तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला होता, या माणसाने तेवढंही केलं नव्हतं. दिवसभर ती त्या फोटोच्या समोर बसून लोकांना मजले सांगत राहिली. सुटायच्या वेळेला तिने फलकाची काच सरकवली, आपला फोटो काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बगलेत मारून सरळ घरी आली.

बाबा खिडकीपाशी बसले होते, उन्हं अजून गेली नव्हती. तिने फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांच्या कडेला धरून इकडून तिकडून पाहिला. या वेळी ते हसले नाहीत. “वाईट काम आहे,” ते म्हणाले. “सगळे दात एकसारखे केलेत. दात असे असतात होय?” मग त्यांनी विचारलं, तार कुठून कुठे आहे? ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, त्यांचा हात धरला आणि तोंड उघडलं. बाबांचं बोट सावकाश एकेका खुंटीवरून सरकत गेलं, डावीकडे आलं, सुळ्याशी अडखळलं, आणि वळलेल्या दाताच्या पुढे आलेल्या कोपऱ्यावर थांबलं. तिथे ते बराच वेळ राहिलं. त्या कोपऱ्याला त्यांनी पूर्वी कधी हात लावला नव्हता, लावलं होतं ते ब्लेड. तिने तोंड मिटलं नाही.

“चकचकीत कागदावर पेन्सिल धरत नाही,” ते हात काढून म्हणाले. “आधी चकाकी मोडावी लागते. खोडरबर दे.”

त्यांनी ओठांच्या मधल्या जागेवर खोडरबर घासघासून कागद मवाळ केला. तिने पेन्सिल पॉलिशपेपरवर घासून दिली. तार मी काढते, ती म्हणाली, तुम्हाला दिसायचं नाही. पण बाबांनी फोटो सोडला नाही. मान वाकडी करून, नजर भलतीकडेच लावून, ते कागदाशी नाक नेऊन बसले, आणि पेन्सिलीचं टोक जिथे टेकायला हवं तिथेच टेकलं.

“तार तू काढ,” ते म्हणाले. “दात मी काढतो. वर्षानुवर्षं पुसलाय मी तो. माझ्याइतका पाहिलाय कुणी त्याला?”

आधी तिरकी सावली आली, बारीक बारीक स्वल्पविरामांची. मग दाताची वळलेली कड. मग खांद्यावर हात टाकल्यासारखा पुढे आलेला कोपरा, निगेटिव्हवर नसलेला, खरवडून गेलेला, कागदावर हळूहळू जमत गेला. पाव मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे नव्हता. तिने आरसा आणला नाही, जिभेने पडताळून पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि त्या भरल्या डोळ्यांनीही तिला राग येतच होता, इतका नीट माहीत होता तर. बाबांनी पेन्सिल तिच्याकडे दिली. तिने खुंट्या काढल्या, चौकोनी, आणि मधून तार, जराशी वेडीवाकडी.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पोचली. काच सरकवली, फोटो जागेवर लावला, काच बंद केली आणि टेबलामागे जाऊन बसली. पहिला माणूस आला तो हातात कागदांची जाड फाइल घेतलेला, कपाळाला आठ्या घातलेला. फलकासमोर तो थांबला. त्याने फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. ती वाट बघत राहिली. मग तो टेबलापाशी आला आणि त्याने विचारलं, सातव्या मजल्याला लिफ्ट कुठून. तिने तोंड उघडून सांगितलं.